आत्याची पेटी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, माळ्यावरची आत्याची पत्र्याची पेटी गणपतीहून परतताना मी तुम्हाला न विचारता मुंबईला आणली, त्याचा राग माझ्यावर काढावा, आईवर नव्हे. तिला मी गाडी सुटल्यावर सांगितले. खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजल्या होत्या, गणवेशाला बुरशी धरली होती, आणि तुम्ही पुन्हा शिडी चढाल याची मला धास्ती होती.

आणखीही एक गोष्ट करून बसले आहे. आत्याचे 1971 च्या युद्धाचे संग्राम मेडल आणि तिचा गणवेशातला फोटो आपल्या वाचनालयाला देण्याचे मी कबूल केले आहे. देणगीदार म्हणून तुमचेच नाव राहील. फोटोखाली ‘नर्सबाई’ न लिहिता ‘कॅप्टन, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस’ असे लिहावे, एवढीच अट मी घातली. या सेवेतल्या परिचारिकांना 1943 पासून अधिकाऱ्याचे कमिशन मिळते, हे गावाने सोडाच, आपल्या घरानेही कधी मनावर घेतले नाही.

1971 च्या डिसेंबरात ती कुलाब्याला नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात होती. काळे कागद लावलेल्या खिडक्या आणि टॉर्चच्या काचेवर रुमाल बांधून वॉर्डातून घातलेल्या फेऱ्या, याहून अधिक ती सांगत नसे. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली आणि 18 अधिकारी व 176 नौसैनिक गेले; ती तारीख आली की ती रात्री नुसती पेज घेई, आणि मी तिच्या कुशीत शिरून गोष्टीसाठी भुणभुण लावत असे. 2023 साली नौसेना दिन तारकर्लीला झाला, तेव्हाही ती पडवीतच बसून विमाने ऐकत राहिली.

मेडलच्या डबीखाली एक कात्रण निघाले. लग्न केले म्हणून 1988 मध्ये सेवेतून काढलेल्या एका परिचारिका अधिकाऱ्याला 60 लाख रुपये भरपाई द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2024 रोजी दिलेला तो निकाल आहे. ज्या नियमाखाली तिला काढले तो 1977 चा, आणि 1995 मध्ये मागे घेतलेला. बाबा, वेंगुर्ल्याचे स्थळ तुम्ही 1978 साली आणले होते. हे ठाऊक असते तर माजघरात तुम्ही तसे बोलला नसता, याची मला खात्री आहे. आत्यालाही असावी; नाहीतर निवृत्तीनंतर ती तुमच्याच पडवीत राहायला आली नसती.

फोटो 4 डिसेंबरला लावतील. रिक्षा सांगून ठेवली आहे, चालत जाऊ नये. रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर लगेच घ्यावी आणि आईने गुडघ्याला पट्टा बांधावा. फोटोवरचा पडदा तुम्ही बाजूला करावा, असे मी त्यांना कळवले आहे; जमणार नसेल तर आई करील, पण जावे. गणवेश उन्हे देऊन, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला आहे. दिवाळीत घेऊन येते. शिडी शेजारी ठेवायला दिली आहे, ती मागून आणू नये.

तुमची,
धाकटी