लाळ्या-खुरकूत लसीकरण : गुरुवारी जनावरं गोठ्यातच ठेवा

सर्व दूध उत्पादक सभासदांना कळवण्यात येते की, पशुसंवर्धन विभागाचं पथक येत्या गुरुवारी सकाळी 7 पासून वाडीवस्तीवर येऊन लाळ्या-खुरकूतची लस टोचणार आहे. लस मोफत आहे, कुणी पैसे देऊ नयेत. पथक येऊन जाईपर्यंत जनावरं चरायला सोडू नका, दाव्यालाच ठेवा. मागच्या वेळी अर्धे गोठे रिकामे होते आणि डॉक्टर बांधाबांधाने फिरत होते!

कानात 12 अंकी बिल्ला नसेल तर तो त्याच वेळी मारून घ्या. बिल्ला नसला की लसीची नोंद होत नाही, बाजारात विक्रीलाही अडतं. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्या वेगळ्या दाखवा. सांसर्गिक गर्भपाताची लस त्यांना आयुष्यात एकदाच मिळते. गाभण किंवा तापलेलं जनावर असेल तर आधी सांगा.

टोचल्यावर एक-दोन दिवस दूध थोडं कमी येतं, मानेला गाठही येते. तेवढ्यासाठी लस चुकवू नका. खुरकूत झालेली गाय तोंडातून लाळेच्या तारा गाळत उभी राहते, वैरणीला तोंड लावत नाही. तेव्हा जाणारं दूध कितीतरी जास्त असतं.

आजारी जनावरासाठी 1962 वर फोन करा.

– सचिव, दूध संस्था