बाळ्याच्या वहीबद्दल शेजारच्या काकूंना पत्र

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

आम्ही हिमाचलहून परत आलो त्याला आता तीन आठवडे झाले. त्या दिवशी दारातच मी आपले आभार मानू लागले, तेव्हा "शेजारधर्म आहे, त्यात काय एवढं" असे म्हणून आपण मला हातपाय धुवायला आत पाठवलेत आणि बोलणे तिथेच राहिले. ते आज लिहून काढते आहे. चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण सुट्टीत मांजर कोणाच्या तरी हवाली करून गावाला जाणारी घरे आपल्या कोल्हापुरात आता पुष्कळ आहेत, आणि आपण नेमके काय केलेत हे त्यांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

गेल्या वर्षी आम्ही आमच्या बोक्याला, बाळ्याला, पैसे भरून एका ठिकाणी ठेवले होते. शेजारच्या पिंजऱ्यात कुत्री होती, आणि त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. मांजराचा जीव माणसाइतकाच जागेतही गुंतलेला असतो. स्वतःचा वास लागलेली गादी, खिडकी, दाराची चौकट सोडून परक्या ठिकाणी गेले की ते गांगरते, आणि सलग काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. म्हणून यंदा त्याला घरीच ठेवायचे ठरले आणि आम्ही आपल्याकडे किल्ली घेऊन आलो. आपण माळकरी, घरात कधी मांजर पाळलेले नाही, त्यामुळे विचारताना मला संकोच वाटत होता. आपण एवढेच विचारलेत, "त्याचं रोजचं कसं असतं ते सांग."

मी फ्रिजवर कागद चिकटवून ठेवला होता: सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला कोरडे खाणे, ताजे पाणी, दिवसातून एकदा वाळूच्या ट्रेची सफाई. माझ्या लेखी काळजी घेणे म्हणजे एवढेच होते. आपण मात्र पहिल्याच दिवशी शंभर पानी वही घातलीत आणि त्यात वेळ, किती खाल्ले, किती उरले, आणि वाळूत लघवीने घट्ट झालेले किती गोळे निघाले हे लिहू लागलात. सीपीआर रुग्णालयात परिचारिका म्हणून काढलेल्या वर्षांत रुग्णाची लघवी मोजून कागदावर मांडायची जी सवय हाताला लागली, तीच आपण एका बोक्यासाठी वापरलीत. वही आता माझ्यासमोर आहे. पहिले सहा दिवस रोज तीन किंवा चार गोळे. सातव्या दिवशी सकाळी एक, तोही बोराएवढा. संध्याकाळच्या रकान्यात आपल्या अक्षरात लिहिले आहे: "गोळा नाही. चार वेळा ट्रेत बसला. ओरडतो."

त्या संध्याकाळी वळीव कोसळत होता, वीज गेली होती, आणि बाळ्या गडगडाटाला घाबरून कपाटामागे जाऊन बसला असेल असे कोणीही धरून चालले असते. आपण मेणबत्ती लावून अर्धा तास त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिलात आणि मग आम्हाला मनालीला फोन केलात. इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या यजमानांनी फोनवर सांगितले की बद्धकोष्ठ असेल, थोडे दूध द्या, सकाळी बघू. आणि मीही त्याला होकार भरला. वाढ पूर्ण झालेल्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही हे वाचलेले असूनही मला त्या वेळी ते आठवले नाही. खालच्या मजल्यावरून कोणीतरी तापाची अर्धी गोळी देण्याचा सल्ला दिला, तोही आपण मोडून काढलात, कारण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणालाही औषध द्यायचे नाही हा आपला नियम. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात निकामी होत नाही, थोडीशी मात्रासुद्धा त्याला विषासारखी बाधते, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितले. आमच्या बोलण्यावर आपण शांतपणे म्हणालात, "शौच नव्हे, लघवी अडली आहे. सकाळपर्यंत थांबायचं नाही."

पिंजरा माळ्यावर आहे हे सांगायला मी विसरले होते. आपण त्याला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेत, भाजीच्या दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधल्यात आणि पुतण्याला बरोबर घेऊन भर पावसात रिक्षाने शिवाजी पेठेतून राजारामपुरीला पशुवैद्यकांकडे पोहोचलात. त्यांनी पोटाला हात लावताच सांगितले की मूत्राशय मोसंबीसारखे टणक झाले आहे. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. लघवीतले खडे आणि चिकट स्राव यांचा बुच तिथे बसला की मार्ग पूर्ण बंद होतो, मग रक्तात पोटॅशियम वाढत जाते आणि त्याचा थेट परिणाम हृदयावर होतो. वेळीच उपाय झाला नाही, तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. मांजर पुन्हा पुन्हा ट्रेत बसून कुंथते तेव्हा बघणाऱ्याला शौचाचा त्रास वाटतो, आणि त्या गैरसमजात बहुमोल वेळ निघून जातो. आम्ही नेमकी तीच चूक करत होतो. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, सलाईन लावले, आणि शेवटची पुरेशी लघवी कधी झाली असे विचारले, तेव्हा आपण वही उघडून तास सांगितलात. ते डॉक्टर आम्हाला भेटले तेव्हा पहिली गोष्ट त्या वहीचीच बोलले.

पुढचे तीन दिवस आपण रोज दोनदा राजारामपुरीला गेलात. आम्ही सहल सोडून निघण्याची तयारी केली होती. तिथून कोल्हापूर गाठेपर्यंत दोन दिवस मोडणारच आहेत, तोवर त्याचा निकाल लागलेला असेल, पोरांना रडवत आणू नका, असे सांगून आपण आम्हाला थांबवलेत आणि दर चार तासांनी निरोप देत राहिलात. तो घरी आला त्या दिवशी एकादशी होती. डॉक्टरांनी आता कोरडे खाणे कमी करून पाण्याचा अंश जास्त असलेले ओले खाणे द्यायला सांगितले होते आणि दुकानात मिळाले ते माशाचे. गळ्यात तुळशीची माळ असताना, उपवासाच्या दिवशी, आपण ते पाकीट फोडून बशीत घातलेत, त्याने खाईपर्यंत समोर बसलात, नंतर अंघोळ करून हरिपाठाला बसलात. हे मला आपल्या सूनबाईंकडून कळले. काकू, या एका गोष्टीचे आभार कसे मानावेत ते मला अजूनही सुचलेले नाही.

डॉक्टरांचे पैसे आपण पदरचे भरलेत आणि पावत्या टाचणी लावून वहीत ठेवल्यात. ते पैसे आपण परत घेतलेत याचे समाधान आहे. कुलूची शाल मात्र आपण तीन वेळा नाकारलीत आणि चौथ्यांदा माझे डोळे भरलेले बघून ठेवून घेतलीत. थंडीत ती अंगावर घ्यावी, एवढीच विनंती आहे.

बाळ्या बरा आहे. घरात आता तीन ठिकाणी पाण्याची भांडी आहेत, पिंजरा माळ्यावरून काढून दारामागे ठेवला आहे, आणि आपल्या वहीत जिथे आपले अक्षर संपते तिथून पुढे माझे सुरू होते. आज सकाळी दोन गोळे निघाले, दोन्ही चांगले लिंबाएवढे. आपण काल आमच्या घराची किल्ली परत पाठवलीत, ती मी या पत्रासोबत पुन्हा आपल्याकडे पाठवत आहे. ती आपल्या देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यालाच राहू द्यावी.

आपली नम्र,
समोरच्या घरातील शेजारीण
शिवाजी पेठ, कोल्हापूर