अळंबीची मोजणी टोपलीवरून नको

महोदय,

गंगेतील डॉल्फिन आणि सालवनातील (साल वृक्षांच्या जंगलातील) बोडा नावाची अळंबी यांची तुलना करणारा कालच्या अंकातील लेख वाचून वाईट वाटले. डॉल्फिन जेमतेम सहा हजार उरले आहेत आणि बोडा मात्र पहिल्या पावसात टोपल्या भरून निघतो, तेव्हा काळजी डॉल्फिनचीच करावी, हा लेखकाचा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. २०२१ ते २०२३ या काळातील गणनेत देशातील नद्यांमध्ये ६,३२७ डॉल्फिन असल्याचा अंदाज निघाला, तो श्वास घेण्यासाठी हा प्राणी पाण्यावर येतो म्हणून. बोडाच्या बाबतीत टोपलीत येते ते नुसते फळ. ज्याचे ते फळ, ते कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचे जाळे, जमिनीखाली सालाच्या मुळांना लपेटून बसलेले असते, झाडाकडून साखर घेते आणि झाडाला पाणी व स्फुरद पुरवते. आंब्याच्या पेट्या मोजून आमराईत किती झाडे उरली, हे कोणी सांगते का?

काही वर्षांपूर्वी छत्तीसगडमधील बस्तरच्या सालवनात एका आजींना बोडा काढताना मी जवळून पाहिले. काठीच्या टोकाने त्या माती हलकेच उकरत, गोट्यांएवढे मातकट बोडे वेचत आणि प्रत्येक खळगा पाचोळ्यासह पुन्हा हाताने दाबून बुजवत. याची शेतात लागवड होत नाही. साल तुटला की त्याच्या मुळांवर जगणारा बोडाही गेला, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. लेखात मात्र वृक्षतोडीबद्दल एक ओळही नाही.

डॉल्फिनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मानही मिळाला, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच कायद्यात अळंबीसाठी एकही अनुसूची नाही, आणि आपले लेखक तिला सरळ ‘वनस्पती’ म्हणून मोकळे होतात. अळंबी हे कवक आहे, आणि कवकांचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी अधिक जवळचे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लेखासोबत छापलेले छायाचित्र समुद्रात उसळी मारणाऱ्या डॉल्फिनचे आहे. गंगेतल्या डॉल्फिनचा, म्हणजे सूंसचा, जबडा लांब, चिमट्यासारखा असतो, डोळे जवळजवळ निकामी असतात आणि गढूळ पाण्यात ती आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. दोन्ही चुकांची दुरुस्ती पुढील अंकात ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक