परळच्या व्यवसायोपचार विभागातील मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

गणेशोत्सवातील मोदकांच्या मागण्या यंदा वेळेवर पोहोचत्या झाल्या, हाताला उसंत मिळाली आणि बरेच दिवस मनात असलेले हे पत्र लिहायला घेतले. ते सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे, कारण आमच्या गिरगावातल्या चाळीत अंगठ्याच्या मुळाला बाम चोळत पोळ्या लाटणाऱ्या आणि पापड करणाऱ्या कितीतरी बायका आहेत, आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करणारी, म्हणजे दुखत्या हाताला रोजची कामे करता यावीत म्हणून मार्ग दाखवणारी तुमच्यासारखी माणसे नेमके काय काम करतात याची त्यांच्यापैकी बहुतेकींना कल्पनाही नाही.

अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजली आहे, हे निदान तुमच्याकडे येण्याआधीच झाले होते आणि ते अचूक होते. मात्र ते करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच दमात "आता हे मोदक-करंज्यांचे काम बंद करा" असे सांगितले. ज्या कामावर माझे घर चालते आणि जे सासूबाईंच्या हाताखाली मी वर्षानुवर्षे शिकले, ते एका वाक्यात सोडून द्यायचे कसे, हे विचारण्याचे बळ त्या वेळी माझ्यात नव्हते.

तुम्ही मात्र एक्स-रे पाहून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "कळी कशी पाडता ते मला दाखवा." तिथे उकड कुठून असणार? तुम्ही व्यायामासाठी वापरता ती मऊ पुटी माझ्या तळहातावर ठेवलीत. मी तिची पारी केली, कळ्या पाडू लागले आणि तुम्ही अगदी खाली वाकून माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिलात. चिमटी घेताना अंगठ्याचा मधला सांधा मागच्या बाजूला वाकतो आहे आणि त्यामुळे सगळा भार मुळावर जातो आहे, हे तुम्ही मला माझ्याच हातावर बोट ठेवून दाखवलेत. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा जोर लागला तर मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो, हेही तेव्हाच कळले. एका नैवेद्याचे २१ मोदक आणि प्रत्येक मोदकाला निदान १५ कळ्या धरल्या, तर तीनशेहून अधिक चिमट्या होतात. हा हिशेब तुम्ही कागदावर मांडलात, तेव्हा दुखण्याचे कारण मला पहिल्यांदा समजले.

त्यानंतर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये बांगडीसारखा गोल राखून चिमटी घ्यायला तुम्ही शिकवलेत. तो गोल टिकावा म्हणून तर्जनीला रबरबँड अडकवून ती अंगठ्याच्या दिशेने ताणण्याचा व्यायाम दिलात. सवय लागायला वेळ लागला आणि सुरुवातीच्या कळ्या जाड पडल्या, पण साच्याचे मोदक करा असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याचे मोल मला फार वाटते.

स्प्लिंट, म्हणजे अंगठ्याला आधार देणारी कडक पट्टी, तयार केलीत तो दिवस तर माझ्या डोळ्यांसमोर आहे. गरम पाण्यात टाकलेला तो प्लॅस्टिकचा पांढरा कडक पत्रा बघता बघता मऊ झाला. तुम्ही तो पुसून माझ्या अंगठ्याभोवती गुंडाळलात, आणि गार होईपर्यंत माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवलात. बाहेर बाकांवर रुग्णांची गर्दी होती, तरीही कडा टोचू नयेत म्हणून तुम्ही त्या पुन्हा गरम करून वळवल्यात. पिठात हात घालताना ती काढायची आणि झाडलोट, बाजारहाट, भांडी यांसाठी घालायची, हा नियम मी आजही पाळते.

बाकीचे बदल लहान आहेत, पण रोजचे आहेत. एसीच्या नळ्यांवर चढवतात ती काळी फोमची नळी नागदेवीच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणून सुरीच्या आणि उलथन्याच्या दांड्यावर बसवली. बरणीचे झाकण आता बोटांनी न उघडता, खाली ओले फडके ठेवून तळहाताच्या दाबाने उघडते. भाजीची पिशवी बोटांत न अडकवता कोपरापाशी घेते. नारळ खोवायला मात्र यंत्र घेतले, कारण खवणीवर तासन्‌तास वाटी दाबून धरणे या सांध्याला झेपणारे नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितले होते. झिजलेली कूर्चा परत येणार नाही, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेत. खोटी आशा दाखवली नाहीत, म्हणूनच तुमच्या बाकीच्या शब्दांवर माझा विश्वास बसला. सकाळी हात थोडा वेळ आखडतो, कोमट पाण्यात बुडवला की मोकळा होतो, आणि कामाच्या घाईत दुखतोही. पण काम चालू आहे.

अमेरिकेत जन्मून भारताच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले, हे तुमच्याच तोंडून ऐकले. ती विद्या तुमच्या हातून माझ्यापर्यंत आली, यासाठी मी त्यांचीही ऋणी आहे.

पुढच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या काकू तुमच्या ओपीडीत येतील. त्या पापड लाटतात आणि त्यांची मधली बोटे सुजली आहेत. दुखते कुठे हे त्या संकोचाने नीट सांगणार नाहीत, म्हणून लाटणे आणि पोळपाट पिशवीत घालून सोबत न्यायला मी त्यांना सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
गिरगावातील मोदकवाल्या वहिनी