गोठलेल्या द्राक्षांची वाईन

मा. संपादक, स.न.

गोठलेल्या द्राक्षांच्या वाईनला कुणी ‘साखरेची दारू’ म्हणतात, त्यावर हे पत्र. निफाडला पारा उतरला की द्राक्षांचे मणी तडकतील या धास्तीने आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो. लेकीकडे कॅनडात नायगाराला गेलो, तर तिथले बागायतदार थंडीची वाट पाहत होते! विदाल जातीचे घड जाळीखाली वेलीवरच राखलेले. उणे ८ अंशांखाली पारा गेला की तोडणी, बहुधा रात्रीच. गोठलेलीच द्राक्षं दाबायची. पाण्याचा बर्फ आत राहतो, थेंब थेंब घट्ट रस निघतो. त्याची गोडी किमान ३५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप)! आमची द्राक्षं १८ला तोडणीला येतात. वरून साखर न घालता त्या रसाचीच वाईन करतात, म्हणून तिला ‘साखरेची दारू’ म्हणणं मला पटत नाही. गार करून, छोट्या पेल्यात, जेवणानंतर घोट घोट घ्यायची. जर्दाळूची आठवण देणारा वास, मागून आंबटपणा. त्या रसामागची कडाक्यातली मेहनत मी ओळखतो.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड