कोलंबसचा नकाशा काढून देणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

नोव्हेंबरात तुम्ही नगरपालिकेत हयातीचा दाखला द्यायला आला होतात आणि मी जत्रेतल्या आमच्या पाळण्यांच्या परवानगीची फाईल छातीशी धरून त्याच बाकावर बसले होते. माझा तो सहावा हेलपाटा. दर वेळी शेरा एकच, 'स्थळदर्शक नकाशा अपूर्ण'. अपूर्ण म्हणजे काय, ते सांगायला कुणाला वेळ नव्हता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून नकाशा डोळ्यांजवळ नेलात आणि म्हणालात, "पोरी, हा नकाशा नाही, ही रांगोळी आहे."

खरं सांगते, राग आला होता. तीन रंगांच्या पेनांनी रात्रभर बसून काढला होता तो.

आमच्या घरात जागा कायम पावलांनी मोजली. आजोबांचा चार पेट्यांचा लाकडी पाळणा हातानं फिरायचा, त्याला पंधरा पावलं पुरायची. दादांनी लोखंडी पाळणा केला, मग टोराटोरा, ब्रेक डान्स असले यंत्रावर फिरणारे पाळणे आले, तरी मापं पावलांचीच. मार्गशीर्षात पुसेगाव, संक्रांतीला सोलापूरचा गड्डा, पुढं चैत्रापर्यंत गावोगावच्या जत्रा. लोखंड भावांकडं, कागद माझ्याकडं. यंदा कर्ज काढून कोलंबस, म्हणजे झोके घेणारी मोठी नाव, घेतला आणि कागदांचा ढीग वाढला. पोलिसांचा परवाना, बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेचा फिटनेस, विद्युत निरीक्षकाचा दाखला, अग्निशमनची ना हरकत, विमा. ह्या कागदांवर मी कुरकुर करणार नाही. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियात लोलकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोघं गेली, तो व्हिडिओ आमच्या प्रत्येकाच्या मोबाईलवर येऊन गेला आहे. कुरकुर एवढीच, की चूक दाखवणारे सगळे भेटले, कशी सुधारायची ते सांगणारे तुम्ही एकटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पन्नास मीटरची टेप, आलेखवही आणि दोन टोकदार पेन्सिली घेऊन जत्रेच्या मैदानावर हजर. मी सांगायला लागले, नाव सव्वीस फुटांची आहे, दोन्हीकडं चार-चार फूट मोकळे सोडलेत. तुम्ही म्हणालात, "नाव थांबते कुठं ते मला नको. पोचते कुठं ते सांग."

हा प्रश्न आम्हाला आजवर पडलाच नव्हता. वहीत तुम्ही एक बिंदू दिलात, तो धुरा. त्याच्या खाली लटकणारी नाव काढलीत आणि कंपासनं तिची टोकं वर फिरवलीत. साठ अंशांच्या झोक्याला सव्वीस फुटांची नाव हवेत जवळजवळ पन्नास फूट जागा खाते! मी तिला ज्या कोपऱ्यात बसवली होती तिथून महावितरणची ११ केव्हीची लाईन जाते. वहीत टोक तारेच्या इतकं जवळ आलं, की मी पेन्सिलीवरचा तुमचा हातच धरला. नियमानं अशा तारेपासून इमारत आडवी किमान १.२ मीटर लांब लागते, हेही तुम्हीच सांगितलंत. पण वर म्हणालात, "इमारत हलत नाही आणि हात बाहेर काढून ओरडत नाही. आपण तीस फूट धरू."

तीस फूट सरकायचं तर भांड्यांची ओळ हलवावी लागणार. भांडीवाले तिथं त्यांच्या आजापासून बसतात, त्यांनी आम्हाला उभं केलं नसतं. तुम्ही त्यांच्याबरोबर तीन वेळा चहा प्यालात आणि चौथ्या वेळी ते आपणहून म्हणाले, वेशीकडची कड दिली तर जातो. काय बोललात ते मला अजून कळलेलं नाही. दादा म्हणतात, विचारू नकोस.

जुन्या किल्लीला सुतळी बांधून तुम्ही माझ्या बोटाला लटकवलीत, तेही आठवतं. "आता झुलव. खाली येताना ओढ लागते का बघ." लागत होती. साठ अंशांवरून सुटलेली नाव तळाशी येते तेव्हा धुऱ्यावर दुप्पट भार पडतो, म्हणून पाळण्याच्या पायांखालचे लाकडी ओंडके भरलेल्या नावेच्या वजनावर धरायचे नाहीत, दुपटीवर धरायचे. आणि जमीन काळी, पाण्यानं भुसभुशीत होणारी. धूळ बसवायला टँकर येतो, तो पाळण्याच्या पायाशी पाणी मारणार नाही, हे तुम्ही नकाशातच लिहून टाकलंत. नकाशात टँकर मी पहिल्यांदा पाहिला.

बाकीचं भराभर झालं. ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीपासून शंभर मीटर शांतता क्षेत्र, म्हणून जनरेटर आणि भोंगा दुसऱ्या अंगाला. रात्री दहानंतर भोंगा बंदच. रांगेला आत यायची वाट वेगळी, बाहेर जायच्या दोन. मी म्हटलं, एक पुरे की. तुम्ही फक्त "मांढरदेवी" म्हणालात. २००५ साली तिथल्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली तेव्हा मी शाळेत होते, पण त्या पौष पौर्णिमेला आमच्या घरी चूल पेटली नव्हती, एवढं आठवतं.

सातव्या हेलपाट्याला टेबलावरच्या साहेबांनी घडी उलगडली, कोपऱ्यातला उत्तर दिशेचा बाण पाहिला आणि हसले. "हा अण्णांचा हात." परवानगी जत्रेच्या दोन दिवस आधी हातात पडली.

पैशाचं पाकीट तुम्ही परत केलंत आणि आलेखवहीचे चाळीस रुपये मात्र मोजून घेतलेत, पावतीसकट. जत्रेच्या रात्री कोलंबसमध्ये बसा म्हणून मी किती विनवलं. तुम्ही तिकीटखिडकीमागं उभे राहून प्रत्येक झोक्याला टोक कुठवर जातंय ते बघत होतात. माझा धाकटा भाऊ नावेच्या पोटाला खालून टायर दाबून झोका कमी-जास्त करणारा दांडा धरून होता. तो म्हणतो, त्या रात्री गिऱ्हाइकांपेक्षा अण्णांची भीती जास्त वाटली, साठाच्या वर एकदाही झोका जाऊ दिला नाही.

तुमचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून ट्रकच्या केबिनमध्ये लावलाय. पुढच्या जत्रेचं मैदान मात्र उताराचं आहे, ओढ्याकडं झुकलेलं. टेप मी विकत घेतली, मापंही घेऊन आले, पण उतारावर ओंडक्यांची उंची कशी धरायची ते जमत नाहीये. सोमवारी सकाळी वही घेऊन येते. चहा मी आणीन.

तुमची,
पाळणेवाल्यांची थोरली