बाबा, केशर नाही आलं, पण बाकीचे क्रोकस फुललेत

हॅलिफॅक्स, ऑक्टोबर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही केशराचं विचारलंत आणि तेवढ्यात रेंज गेली, आणि खरं सांगायचं तर हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच, म्हणून बसून सविस्तर लिहितेय. आई, तुला कंटाळा आला तर मधलं सोडून शेवटचं वाच, तिकिटाचं तिथे आहे.

तर केशर. पानं मस्त आलीत, गवतासारखी बारीक, मधोमध पांढरी रेघ, पण फूल नाही. यात कंदाचा दोष नाही, जागेचा आहे. केशराच्या कंदात फुलाची कळी उन्हाळ्यातच तयार होते, आणि ती होण्यासाठी त्याला साधारण २३ ते २७ डिग्री तापमान लागतं आणि माती कोरडी लागते. आमच्या यॉर्कशायरच्या या डोंगराळ भागात उन्हाळा कसला, जुलैतही स्वेटर आणि वरून रिपरिप. इंग्लंडात केशर पिकायचं ते तिकडे पूर्वेला, एसेक्समध्ये, तिथे पाऊस कमी. सॅफ्रन वॉल्डन नावाचं गावच आहे, सोळाव्या-सतराव्या शतकात तिथे केशराची शेती चालायची.

आता तुमचा खरा प्रश्न, वाईला परसात लावून बघू का. बाबा, उघड्या जमिनीत नका लावू. जून ते सप्टेंबर त्या कंदाची कोरडी झोप असते आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे धो धो पाऊस, कंद सडणारच. पुण्यात लोक केशर घेतायत हे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण ते बंद खोलीत नाहीतर कंटेनरमध्ये, एसी लावून तापमान आणि दमटपणा सांभाळून घेतात, ती वेगळीच गोष्ट झाली. आणि एका ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, म्हणजे आईच्या श्रीखंडापुरतं काढायचं तरी किती कुंड्या लागतील बघा. शिवाय केशराला बी धरतच नाही. त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात म्हणून ते वांझ आहे, जगात जिथे जिथे केशर आहे तिथे ते माणसानेच कंद फोडून फोडून नेलेलं आहे. त्याचा जंगली पूर्वज ग्रीसमध्ये अथेन्सच्या आसपासच्या टेकड्यांवर अजून सापडतो.

पण केशर नाही आलं म्हणून मी अजिबात खट्टू नाहीये, कारण शरद ऋतूत फुलणारे बाकीचे क्रोकस, म्हणजे केशराच्याच जातकुळीतली छोटी कंदफुलं, इतके आहेत आणि एकेकाची तऱ्हा इतकी वेगळी आहे की केशर हा त्यातला फक्त एक. लोक सगळ्यांना सरसकट ऑटम क्रोकस म्हणून मोकळे होतात, त्याचं मला वाईट वाटतं. दोन जाती शेजारी ठेवून बघितल्या ना की मग डोळे उघडतात.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे नूडिफ्लोरस, आणि तो विकत आणायला लागत नाही, इथल्या कुरणांतच आहे. मूळचा हा पिरेनीज डोंगरातला, उत्तर स्पेन आणि नैऋत्य फ्रान्सचा. इथे कॅल्डरच्या खोऱ्यात कसा आला तर लोक सांगतात की मध्ययुगात सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे धर्मयोद्ध्यांच्या एका संघाने, केशराला स्वस्त पर्याय म्हणून आणला, त्यांच्या जमिनी या भागात होत्या. नॉटिंगहॅमशायरचं तर हे काउंटीचं फूल आहे. सप्टेंबरच्या शेवटी डॉग वॉकवाल्यांच्या वाटेला लागून, मेंढ्यांनी कुरतडलेल्या हिरव्यागार गवतातून हे जांभळे पेले सरळ वर येतात, एकही पान नाही, नुसतं फूल. तुम्ही मागच्या दारी लावलेला भुईचाफा कसा उघड्या मातीतून नुसता फुलतो आणि पानं नंतर येतात, अगदी तसं.

आणि तो त्या कुरणात टिकलाय याचं कारण मला फार आवडलं. याची पानं हिवाळ्याच्या शेवटी येतात आणि जूनपर्यंत पिवळी पडून संपतात. गवत कापतात ते जुलैत, तोवर पानांनी कंद भरून ठेवलेला असतो. मग गवत कापून, वर गुरं-मेंढ्या चरून जमीन मोकळी झाली की सप्टेंबरात फूल वर येतं, त्याला उंच गवताशी झगडावं लागत नाही. म्हणजे शेतकऱ्याचं वेळापत्रक आणि या फुलाचं वेळापत्रक शतकानुशतकं एकमेकांत बसलंय. जिथे कुरणाला खत घालून वर्षातून तीन-तीनदा चारा कापायला लागले, किंवा चराई बंद होऊन गवत माजलं, तिथून तो जातो. हा जमिनीखालून कोंब सोडून पसरतो, फार हळू, त्यामुळे एखाद्या कुरणातला ठिपका नांगरला गेला की गेला. म्हणून मी तिथे उकरत नाही, फक्त बघायला जाते, आणि ज्याचं शेत आहे त्या म्हाताऱ्या बाईंना दरवर्षी सांगते की यंदा भरपूर आहेत, त्यांनाही बरं वाटतं.

बागेत मात्र स्पेशिओसस. कोणी विचारलं की सुरुवात कशाने करू तर मी डोळे मिटून हेच नाव सांगते. तुर्कस्तान, क्रिमिया, कॉकेशस, उत्तर इराण इकडचा, निळसर जांभळा, पाकळ्यांवर गडद शिरांची जाळी आणि मधली केशरी कुक्षी (केशरात ज्याचे धागे आपण वापरतो तो फुलाचा मधला भाग) इतकी बारीक विंचरलेली की बघतच राहावं. ऑगस्टमध्ये कंद बोटभर खोल टाकले की सहा-सात आठवड्यांत फूल. इथली थंडी, चिकणमाती, सगळं सहन करतो आणि छोटे छोटे कंद सुटून आपोआप वाढतो. खोट एकच, फार उंच होतो आणि वारा-पावसात आडवा पडतो. कारण क्रोकसला आपण ज्याला देठ म्हणतो तो देठ नसतोच, ती फुलाची लांब नळी असते, बीजकोश खाली जमिनीत कंदाजवळ बसलेला असतो आणि बी तयार झाल्यावर वसंतात वर ढकलला जातो. त्या नळीत ताकद ती किती असणार. म्हणून मी त्याला आता आखूड गवतात लावलंय, गवत त्याला आधार देतं आणि वर चिखलाचे शिंतोडेही उडत नाहीत. तिथे ऑगस्टअखेरपासून मशीन फिरवायचं नाही आणि पानं वसंतात येतात ती जूनपर्यंत कापायची नाहीत, एवढाच नियम.

कोचियानस आणि पुल्केलस या दोघांत सगळेच गोंधळतात, आमच्या इथल्या नर्सरीतसुद्धा पाट्या उलटसुलट असतात. फुलात वाकून बघायचं. कोचियानस फिकट लिलॅक, म्हणजे फिका जांभळा, आणि आत घशाशी पिवळे दोन-दोन ठिपके, पुल्केलसचा घसा सगळाच गर्द पिवळा आणि पाकळ्यांवर शिरा जास्त उठून दिसतात. दोघांचेही परागकोश पांढरे, स्पेशिओससचे पिवळे, म्हणजे तिथेच तिसरा बाजूला पडतो. कोचियानस बाकीच्यांच्या आधी येतो आणि त्याचा कंद जमिनीत आडवा पडलेला असतो, वेडावाकडा, वरची बाजू कुठली तेच कळत नाही. त्याचे बाजारात मिळणारे स्वस्त कंद कित्येकदा पोरं खूप देतात पण फूल देत नाहीत, तेव्हा फुलात असलेलं रोपच बघून घ्यावं. दोघांत मला पुल्केलस जास्त देखणा वाटतो, हे माझं मत.

बनाटिकस सगळ्यात वेगळा. रोमेनिया आणि सर्बियाकडचा, याच्या बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या आणि आतल्या तीन लहान, उभ्या, म्हणजे आयरिसच वाटावा, आणि याची कुक्षी केशरी नाही तर लिलॅक. बाकीच्यांना ऊन आणि कोरडेपणा हवा असतो तर याला ओलावा आणि थोडी सावली चालते, त्यामुळे आमच्या उत्तरेकडच्या भिंतीजवळ, फर्नच्या पायथ्याशी तो आनंदात आहे.

ग्रीक मंडळी कुंडीत, काचेखाली, पावसापासून लांब. त्यात गुलिमी आहे, पेलोपोनीजच्या मानी भागातला, ऑलिव्हच्या बागांत आणि दगडी बांधांवर उगवतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याला शास्त्रीय नाव नव्हतं, गुलिमिस नावाच्या ग्रीक वकिलाला तो सापडला आणि १९५५ साली त्याच्याच नावाने नोंदला गेला. वकिली करता करता रानफुलं शोधणारा माणूस! तसाच एक जॉर्ज मॉ, फरशा-टाइल्सचा कारखानदार, त्याने देशोदेशी हिंडून कंद गोळा केले आणि १८८६ साली क्रोकसवर भलामोठा ग्रंथ काढला, चित्रं स्वतःच्या हाताने काढून. बाबा, तुम्ही बँकेत असताना रविवारी मांढरदेवच्या डोंगरात फुलांच्या नोंदी करायचात, त्या वह्या टाकू नका हो. लेव्हिगाटस अजून यायचाय, तो नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, छोटासा, पण छान वासाचा, त्याची कुंडी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवते. ढग असले की क्रोकस मिटून बसतात आणि इथे ढग असतातच, घरातल्या उबेत मात्र अर्ध्या तासात उघडतात.

एक महत्त्वाचं. ऑटम क्रोकस म्हणून इथे कोल्चिकमही विकतात, तोही बिनपानाचा, तसाच जांभळट गुलाबी, पण तो क्रोकस नव्हेच, त्याचं कूळच वेगळं. पुंकेसर मोजायचे, क्रोकसला तीन, कोल्चिकमला सहा. वसंतात त्याची पानं रुंद, चकचकीत येतात, पांढरी रेघ नसते. तो सगळाच्या सगळा विषारी आहे. काकांना गाऊटसाठी डॉक्टर कोल्चिसिनची गोळी देतात ना, ते द्रव्य याच्यातलंच, औषधाची मात्रा अगदी थोडी आणि त्याच्या वर गेलं की जिवावर बेततं. आणि आपल्या पसरणी घाटात पावसाळ्यात कुंपणांवर कळलावी फुलते ती याच कुळातली, तिच्या कंदातही तेच विष. शेजारची पोरं तिची फुलं तोडायला जातात, आई, त्यांना कंद उकरू देऊ नकोस.

बाकी इथली खार फार त्रास देते, लावलेले कंद संध्याकाळपर्यंत गायब, म्हणून वरून कोंबड्यांची जाळी टाकून दगड ठेवते. कोल्चिकमला मात्र ती तोंड लावत नाही.

नितीनदादा डिसेंबरात परत जातोय, त्याच्या बॅगेतून चार कंद पाठव म्हणालात, तेवढं मात्र करणार नाही. कंद भारतात न्यायला परमिट आणि इथल्या खात्याचा रोग-कीड नसल्याचा दाखला लागतो, आणि ते नियम योग्यच आहेत, एका कंदाबरोबर कुठला व्हायरस नाहीतर बुरशी जाईल सांगता येत नाही. फोटो पाठवते, प्रत्येकाचा घसा आणि कुक्षी जवळून काढलेत, नावं फोटोखाली मराठीत टाकलीत म्हणजे तुम्हाला वहीत चिकटवता येतील.

आणि तिकिटाचं. तुम्ही दोघं पुढच्या वर्षी मे महिन्यात यायचं म्हणताय, तर कृपा करून सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा. मे-जूनमध्ये माझ्याकडे दाखवायला नुसती पिवळी पडलेली पानं असतील. गणपती आटोपून निघालात तर नूडिफ्लोरस, स्पेशिओसस, पुल्केलस तिन्ही मिळतील, आणि दोन आठवडे राहिलात तर बनाटिकसही. आईचा गुडघा लक्षात घेऊन सपाट वाटेचं कुरण बघून ठेवलंय, गाडी अगदी फाटकापर्यंत जाते. तिकिटं जानेवारीत काढू, तोवर आईचे रेनशूज कुठल्या नंबरचे घ्यायचे ते कळवा.

काका-काकूंना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुमची,
वैजू